आपल्या हातचा ठसा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या बीड जिल्ह्यात 'शिक्का' म्हटले, की आधी कचेरी आठवते. तलाठ्याचा शिक्का, तहसीलचा शिक्का, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा हेडमास्तरांचा गोल शिक्का. 'कागद तयार आहे, फक्त शिक्का राहिला आहे,' हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही. शिक्का नेहमी दुसऱ्याच्या हातात असतो आणि आपण टेबलाच्या अलीकडे उभे असतो.

आज मला बोलायचे आहे ते याच शिक्क्याच्या दुसऱ्या उपयोगाबद्दल. ठसा, शाई आणि साचा ही तीन साधने घेऊन घरच्या घरी शुभेच्छापत्र कसे करावे, याबद्दल. हा विषय पोरखेळ वाटेल. पण शेवटी तो आपल्या जिल्ह्यातल्या हजारो घरांपाशी कसा येऊन पोहोचतो, तेही सांगणार आहे.

छापील शुभेच्छापत्राचा इतिहास फार जुना नाही. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी नाताळचे पहिले छापील कार्ड विक्रीसाठी काढले. आपल्या देशात १ जुलै १८७९ला पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, आगगाडी गावोगाव पोहोचू लागली आणि सणाच्या दिवशी दूरच्या माणसाला चार शब्द पाठवणे गरिबालाही परवडू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई, दिल्ली, लाहोर इथले छापखानेवाले ईदची कार्डे काढू लागले. गंमत अशी, की त्यांतली काही कार्डे मुळात युरोपातून आलेली असत. वर फुले, पाखरे, गोरीपान बाळे. आणि त्याच चित्रावर इथे 'ईद मुबारक' ही अक्षरे छापलेली. परक्या कार्डाला आपला ठसा मारून त्यांनी ते आपलेसे करून टाकले होते.

मराठी घरांतही याची बहीण होतीच. संक्रांतीला तिळगुळाचे छोटे कार्ड पाठवण्याची पद्धत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. पाकिटात चिमूटभर हलवा किंवा तीळ, आणि कार्डावर 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. पोस्टाच्या थैलीत दबून हलव्याचा चुरा व्हायचा, पण तो चुरासुद्धा घरातले सगळे वाटून खायचे.

चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून ईद दर वर्षी मागे सरकते. २००५ साली दिवाळी १ नोव्हेंबरला आणि रमजान ईद ५ नोव्हेंबरला आली होती. २००६ साली दिवाळी २१ ऑक्टोबरला आणि ईद २५ ऑक्टोबरला. दोन्ही सणांची कार्डे दुकानात शेजारी शेजारी टांगण्याचे ते दिवस. हा योग साधारण ३२-३३ वर्षांनी जुळतो. म्हणजे २०३८च्या सुमारास पुन्हा येईल. तोवर ती दुकाने उरतील की नाही, कोण जाणे. मोबाईल आला आणि कार्डांचा बाजार बसला. त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. मोबाईलवरचा संदेश लवकर पोहोचतो, फुकट पोहोचतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजही पाठवता येतो. हाताने केलेल्या कार्डाचे काम वेगळे आहे. ते भिंतीला लावता येते, उशाखाली ठेवता येते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ.

पहिली गोष्ट कागद. कार्डाचा कागद 'जीएसएम'मध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम. वहीचे पान ६०-७० असते, कार्डाला २२० ते ३०० लागतो. ए-फोर आकाराचे १६ ताव मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे २५० जीएसएमचा एक ए-फोर ताव साडेपंधरा ग्रॅमचा झाला. पोस्टाच्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. अख्ख्या तावाचे कार्ड केले, तर पाकिटासकट ते त्या टप्प्याच्या बाहेर जाण्याचा संभव असतो. ताव मधोमध कापून दोन कार्डे केली, तर प्रत्येक आठ ग्रॅमच्या आत बसते. कागदही वाचतो, तिकीटही वाचते.

कागदालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्याच बाजूने घडी घालावी. उलट घातली, की घडीच्या रेषेवर कागद फुटतो. घडीआधी पट्टी ठेवून, संपलेल्या रिफिलच्या टोकाने एक ओळ दाबून घ्यावी आणि मग चमच्याच्या पाठीने घडी बसवावी.

कागदासाठी शहरातच जावे असे नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या पडलेल्या असतात. मागितल्या तर सहसा नाही म्हणत नाहीत. हौस असेल, तर हातकागद वापरावा. आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गावच आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने कागद करण्याचे काम तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आले. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. हातकागद खरखरीत असतो, त्यावर बारीक नक्षीचा ठसा तुटक उठतो. तिथे मोठा, ठसठशीत ठसा घ्यावा.

दुसरी गोष्ट ठसा. सगळ्यांत स्वस्त ठसा भाजीच्या टोपलीत आहे. भेंडी आडवी कापली, की पाच पाकळ्यांची चांदणी तयार. बटाटा अर्धा कापून त्यावर हवा तो आकार उठवता येतो. फक्त कापल्यावर तो फडक्याने टिपून कोरडा करावा, नाहीतर शाई पाणचट होते. त्याच्या पुढची पायरी खोडरबराची. चांगले मऊ खोडरबर आणि पेन्सिलला टोक करायचे ब्लेड एवढ्यावर सुंदर ठसा कोरता येतो. मुलांच्या हाती ब्लेड देऊ नये, ते काम मोठ्यांनी करावे. रबराला उष्णता आणि गंधक देऊन टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४ साली अमेरिकेत घेतले आणि पुढे रबरी शिक्के निघाले. हल्ली शहरांत पारदर्शक ठसेही मिळतात. ते काचेसारख्या ठोकळ्यावर चिकटवून मारायचे, म्हणजे ठसा नेमका कुठे पडणार ते आधीच दिसते. आणि हे काहीच जमले नाही, तर तहसील कचेरीच्या आसपास रबरी शिक्के करून देणारा असतोच. तो चंद्रकोर करून देईल, तिळगुळाची वाटीही करून देईल. सदान्‌कदा 'आवक-जावक'चे शिक्के करणाऱ्या त्या माणसालाही जरा बदल होईल.

ठसा कोरताना एक नियम कायम लक्षात ठेवावा. ठशावर उलटे असते, तेच कागदावर सुलटे उमटते. अक्षर असेल, तर चूक लगेच कळते. त्यावर सोपी युक्ती आहे. ट्रेसिंगच्या कागदावर मऊ पेन्सिलीने 'ईद मुबारक' किंवा 'शुभ दीपावली' सरळ लिहावे, तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखाने घासावा. पेन्सिलीची अक्षरे रबरावर आपोआप उलटी उतरतात. मग फक्त भोवतालचे रबर काढून टाकायचे. उर्दू असो की मराठी, एक उजवीकडून लिहितात आणि एक डावीकडून, पण आरसा दोघांना सारखाच न्याय देतो.

चंद्राच्या बाबतीत मात्र चूक पटकन कळत नाही. ईदचा चंद्र सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो. त्याचा उजळ, फुगीर भाग सूर्य जिथे मावळला त्या बाजूला, म्हणजे आपल्याकडून पाहताना खाली-उजवीकडे असतो आणि टोके वर-डावीकडे. कोर उलटी न करता कोरली, की कागदावर तिचा फुगीर भाग डावीकडे जातो. ती पहाटे पूर्वेला दिसणारी, सरत्या महिन्याची कोर झाली. ईदच्या कार्डावर मावळत्या महिन्याचा चंद्र! आपल्या भागात मार्च-एप्रिलमध्ये तर ही पहिली कोर जवळजवळ आडवी, होडीसारखी दिसते. पुढच्या वेळी गच्चीवर चंद्र पाहायला जाल, तेव्हा पेन्सिल-कागद सोबत न्यावा. बाजारातले चित्र बघून काढलेल्या चंद्रापेक्षा आपल्या गावच्या आकाशात दिसलेला चंद्र कार्डावर अधिक शोभतो.

तिसरी गोष्ट शाई. शाईचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक पातळ रंगाची. ती कागदात मुरते, लवकर वाळते, पण उन्हात फिकी पडते आणि पाणी लागले तर पसरते. दुसरी दाट, बारीक भुकटीच्या रंगाची. ती कागदाच्या वर बसते, वाळायला वेळ घेते, पण रंग टिकतो आणि गडद कागदावरही उठून दिसते. कचेरीतल्या पॅडची जांभळी शाई पहिल्या जातीची. चकचकीत कागदावर ती बराच वेळ ओली राहते आणि बोट लागले की फराटा उठतो. म्हणून तिच्यासाठी साधा, खरखरीत कागद बरा. ठशाला शाई लावताना ठसा पॅडवर दाबू नये, हलकेच टेकवावा. कागदावर मात्र सरळ खाली दाबावा, डोलवू नये आणि सरळ वर उचलावा. डोलवला, की कडा उमटतात.

मागे सांजेच्या आभाळाचा रंग हवा असेल, तर पावडरच्या जुन्या पफने किंवा स्पंजच्या तुकड्याने शाई गोलगोल फिरवत लावावी. आधी पिवळा, मग नारिंगी, शेवटी जांभळा. फिक्याकडून गडदाकडे जायचे. उलट गेलो, की पिवळ्याचा चिखल होतो. चंद्र पांढरा ठेवायचा असेल, तर कागदाचा गोल तुकडा तिथे आधी ठेवून मग रंग फिरवावा.

लग्नपत्रिकेवर हाताला लागणारी उठावाची सोनेरी अक्षरे आपण पाहतो, तीही घरी करता येतात. दाट शाईचा ठसा ओला असतानाच त्यावर उठावाची भुकटी भुरभुरावी, उरलेली कागद टिचकून परत डबीत काढावी आणि कागदाला खालच्या बाजूने इस्त्रीची ऊब द्यावी. भुकटी वितळते, फुगते आणि थंड झाली की अक्षर उठून बसते. छापखान्यात यंत्राने होते ते हेच.

चौथी गोष्ट साचा, ज्याला छापखान्यात 'डाय' म्हणतात. लग्नपत्रिकेच्या पाकिटाला जी कमान किंवा जाळी असते, ती कात्रीने कापलेली नसते. लाकडी फळीत पोलादी पातीची पट्टी हव्या त्या आकारात वळवून बसवतात, पात्याच्या दोन्ही अंगांना स्पंज लावतात आणि यंत्राने कागदावर दाबतात. पाते कागद कापते, स्पंज तो साच्यातून बाहेर ढकलतो. घडी हवी असेल तिथे धारेऐवजी बोथट पट्टी बसवतात. घरगुती कामासाठी हाताने फिरवायची छोटी यंत्रेही मिळतात. दोन फळ्यांमध्ये कागद आणि पातळ धातूचा साचा ठेवून रुळांमधून फिरवले, की नक्षी कापून निघते.

पण यंत्र नाही म्हणून अडायला नको. कागद कापण्याची कला आपल्याकडे मोहरमच्या ताबुतांनी आणि दिवाळीच्या आकाशकंदिलांनी जपलेली आहे. कागदाच्या घड्या घालून एका बाजूने कापले, की उलगडल्यावर जाळी मिळते. बांगडीभोवती पेन्सिल फिरवून चंद्राचा गोल मिळतो, आणि ती बांगडी थोडी सरकवून पुन्हा फिरवली की कोर. कापलेली नक्षी चिकटवताना डिंक अगदी थोडा घ्यावा. जास्त झाला, की पाण्याच्या अंशाने कागद वाकतो.

ही सगळी साधने जगभर सारखीच आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुले ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी याच पद्धतीने कार्डे करतात. ठसा वटवाघळाचा, साचा भोपळ्याचा, शाई काळी आणि नारिंगी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिकडे हॅलोविनची चित्रकार्डे पोस्टाने पाठवण्याची मोठी लाट होती. भुताखेतांचा हा खेळ मुळात दुसऱ्या दिवशीच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र, गेलेल्या माणसांची आठवण जवळ येण्याचे दिवस. आयर्लंडमध्ये कंद पोखरून दिवे करत, अमेरिकेत त्यांची जागा भोपळ्याने घेतली. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला पान वाढतात, शब-ए-बारातच्या रात्री कब्रस्तानात जाऊन फातिहा पढतात. गेलेल्यांची आठवण सगळ्यांनाच येते. कुणी तिचा खेळ करतो, कुणी प्रार्थना.

आपल्या जिल्ह्यात मात्र नेमक्या त्याच दिवसांत जिवंत माणसे दूर जातात. दसरा-दिवाळी झाली, की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. लहान लेकरे सोबत जातात. शाळेतली काही आजी-आजोबांपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात मागे राहतात. मधल्या काळात संक्रांत येऊन जाते. सध्या ईदही हंगामाच्या शेवटाला येते. २०२५ साली ती ३१ मार्चला होती.

जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात, आणि ज्याला लिहिता येत नाही तो कागदावर अंगठा देतो. हा अंगठाही एक ठसाच. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून कराराच्या कागदावर हाताचा छाप घेतला होता, उद्या त्याने शब्द फिरवू नये म्हणून. पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. तेव्हापासून गरिबाचा अंगठा कर्जासाठी, करारासाठी, ओळख पटवण्यासाठी लागत आला. रेशनच्या यंत्रावर आज तोच अंगठा ठेवावा लागतो, आणि ऊस, माती, कोयता यांनी रेषा झिजलेल्या असल्या तर यंत्र 'जुळत नाही' म्हणते.

म्हणून मला वाटते, आपल्या शाळांतून आणि वसतिगृहांतून वर्षातून दोन दिवस मुलांना ही कार्डे करायला लावावीत. महागडे साहित्य नको. जाड कागद, भेंडी, पाण्याने निघणारी शाई एवढे पुरे. आणि मुख्य म्हणजे अंगठा. पाच अंगठे गोलात उमटवले, की फूल होते. दोन अंगठे तिरके जोडले, की बदाम होतो. एका अंगठ्याला चोच आणि पाय काढले, की चिमणी. ज्या आईने उचलीच्या कागदावर अंगठा दिला, तिच्या हाती लेकराच्या अंगठ्यांचे फूल पडेल. तिला अक्षर वाचता आले नाही तरी हे वाचता येईल. अंगठा केवढा झाला, एवढ्यावरून ती लेकराची वाढ ओळखेल.

कार्ड पोहोचवणे अवघड आहे, हे खरे. उसाच्या फडातल्या कोपीला पत्ता नसतो. टोळी ज्या कारखान्याला लागली, त्याचे नाव आणि मुकादमाचे नाव पाकिटावर घालून पाहावे. त्याहून बरे म्हणजे गावाकडून तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावे. कार्डे वहीत घालून न्यावीत म्हणजे चुरगळत नाहीत. संक्रांतीचे कार्ड असेल, तर तीळ कागदाच्या वेगळ्या पुडीत बांधावेत, शाईला लागू देऊ नयेत.

शेवटी एक सूचना. ठसा मारून झाला, साचा कापून झाला, की आत एक ओळ मात्र पेनाने लिहावी. समोरच्याचे नाव घालून, त्याला आपण घरात जशी हाक मारतो तशी. 'आये', 'अब्बा', 'आत्या', 'मामू'. ठसा शंभर कार्डांवर सारखाच उमटतो, ते त्याचे कामच आहे. त्या शंभरांतले हे एक कार्ड कुणाचे, हे त्या ओळीने ठरते. आणि हे कार्ड खरे की खोटे, हे ठरवायला त्यावर कुठल्याही कचेरीचा शिक्का लागत नाही.